आईच्या रिपोर्टात 'ए-वन हायपोप्लास्टिक' लिहिलंय. मेंदूत फुगा होईल का?

प्रश्न थोडक्यात: आम्ही ऐरोलीत राहतो. आईचं वय ५८, बीपीची गोळी चालू आहे. काही दिवस चक्कर येत होती म्हणून एमआरआय आणि मेंदूची एमआर अँजिओग्राफी केली. रिपोर्टात तीन गोष्टी आहेत: डावी ए-वन हायपोप्लास्टिक, उजवीकडे फीटल पीसीए, ॲन्युरिझम (म्हणजे धमनीवरचा फुगा) दिसत नाही. नेटवर वाचलं की अशा रचनेमुळे मेंदूतली नस फुगते आणि फुटते. आई इतकी घाबरली आहे की नीट जेवतही नाही. पुढे काय करायचं? हे आनुवंशिक असेल तर मी आणि बहिणीनेही तपासणी करावी का?

उत्तर:

आधी आईंना एवढं वाचून दाखवा. रिपोर्टातल्या पहिल्या दोन गोष्टी आजार नाहीत, ती जन्मापासूनची ठेवण आहे. त्यांच्यासाठी महत्त्वाची ओळ तिसरी आहे आणि ती चांगली आहे. ५८ वर्षं त्यांचा मेंदू याच धमन्यांवर व्यवस्थित चालला आहे. चक्कर या ठेवणीमुळे आलेली नाही; तिचं कारण कानात किंवा बीपीच्या चढउतारात शोधायला हवं.

मी ठाण्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो. असा रिपोर्ट हातात घेऊन, रात्रभर मोबाइलवर वाचून, डोळे सुजवून आलेली माणसं ओपीडीत नेहमी भेटतात. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, म्हणून 'काळजी करू नका' एवढं सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. धमन्यांची ठेवण आणि फुगा यांचा संबंध आहे. पण तो संबंध 'फुगा होईल का' यापेक्षा 'झालाच तर कुठे होईल' आणि 'झाल्यावर त्याचं काय करायचं' याच्याशी जास्त आहे.

मेंदूकडे मानेतून चार धमन्या जातात. पुढच्या दोन कॅरोटिड, मागच्या दोन व्हर्टिब्रल. मागच्या दोन कवटीत शिरल्यावर एकत्र होऊन एक बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी या सगळ्या एकमेकींना छोट्या धमन्यांनी जोडलेल्या असतात आणि एक कडं तयार होतं. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरने १६६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते 'सर्कल ऑफ विलिस'. त्या पुस्तकातली चित्रं ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती. हेच रेन पुढे वास्तुविशारद म्हणून गाजले. विलिसने एका माणसाची हकिगत लिहून ठेवली आहे. तो पोटाच्या विकाराने गेला. शवविच्छेदनात त्याची एका बाजूची कॅरोटिड जवळजवळ पूर्ण बंद सापडली, तरी हयातीत त्याला कधी लकवा झाला नव्हता, कारण त्याच बाजूची व्हर्टिब्रल धमनी मोठी होऊन तिने काम उचललं होतं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला ठाणे, कुर्ला, वाशी हा लोकलचा त्रिकोण पुरेसा आहे. ठाण्याहून थेट वाशीला जाणारी ट्रान्स हार्बर बंद पडली तरी ठाण्याचा माणूस कुर्ल्याला गाडी बदलून वाशीला पोचतो. खोळंबा टळतो, पण त्या दिवशी कुर्ल्याच्या पुलावर माणसांचा लोंढा असतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या पुलावर आहे.

पुस्तकात छापलेलं पूर्ण, दोन्ही बाजूंनी सारखं कडं निम्म्याहून कमी लोकांत सापडतं. कुणाची एक जोडधमनी बारीक, कुणाची नाहीच, कुणाची एकाऐवजी दोन. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचा पहिला तुकडा म्हणजे ए-वन. तो डावीकडे एक आणि उजवीकडे एक असतो, रुंदी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर. एका बाजूचा एक मिलिमीटरपेक्षा बारीक राहिला की रिपोर्टात 'हायपोप्लास्टिक' लिहितात. असं साधारण दहातल्या एका माणसात आढळतं. पीसीए म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाची धमनी. फीटल पीसीएचं असं की गर्भात मेंदूच्या मागच्या भागाला कॅरोटिडकडून रक्त येतं, पुढे ते काम बॅसिलरकडे जातं. काहींत ती बदली पूर्ण होत नाही आणि जन्मानंतरही जुनीच व्यवस्था चालू राहते. हेही अजिबात दुर्मिळ नाही.

आता तुमच्या आईंचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. डावी ए-वन बारीक, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंचं रक्त बहुतेक उजव्या ए-वनमधून जातं. उजवी पीसीए फीटल, म्हणजे उजवीकडच्या मागच्या भागाचंही रक्त उजव्या कॅरोटिडमधूनच. थोडक्यात, त्यांची उजवी कॅरोटिड नेहमीपेक्षा बरंच मोठं क्षेत्र सांभाळते. रिपोर्टात या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण त्या एकत्र वाचायला हव्यात. असं वाचणारं माणूस समोर असलं तर रिपोर्टाचा खरा उपयोग होतो.

याने फुगा का व्हावा? नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सगळं सारखं ठेवून रुंदी निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून डावी ए-वन निम्म्या रुंदीची असेल तर ती जवळजवळ काहीच वाहून नेत नाही आणि सगळा भार उजवीवर येतो. हा वाढलेला प्रवाह समोरच्या फाट्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या 'अँटिरिअर कम्युनिकेटिंग' धमनीच्या कोपऱ्यावर, अहोरात्र आदळतो. आम्ही तिला बोलताना ए-कॉम म्हणतो, पुढेही तेच लिहितो.

मेंदूच्या धमन्यांची भिंत हात-पायांच्या धमन्यांपेक्षा नाजूक असते. मधला स्नायूंचा थर पातळ असतो, बाहेरचा लवचिक पडदा नसतो आणि आजूबाजूला आधाराला मांस नसतं, नुसतं पाणी असतं. जिथे धमनीला फाटा फुटतो त्या कोपऱ्यावर प्रवाहाचा मारा आणि घर्षण सर्वाधिक. तिथला आतला लवचिक पडदा आधी झिजतो, भिंतीत सूज येते, आणि काही माणसांत वर्षानुवर्षांनी तिथे फुगवटा येतो. म्हणूनच मेंदूतले फुगे बहुतेक वेळा फाट्यांवर सापडतात, सरळ धमनीवर क्वचित.

हे नुसतं गणित नाही. प्राण्यांमध्ये एका बाजूची कॅरोटिड बांधून बीपी वाढवला की काही काळाने उरलेल्या, जास्त भार वाहणाऱ्या धमन्यांच्या फाट्यांवर फुगे तयार होताना दिसले आहेत. माणसांतही, जुन्या काळी फुग्यावर उपाय म्हणून सर्जन मानेतली कॅरोटिड बांधत असत. त्यातल्या काहींना पुढे, जिथे प्रवाह वाढला त्या ठिकाणी, नवे फुगे झाले. आणि ए-कॉमवरचा फुगा असलेल्या रुग्णांत एक ए-वन बारीक असण्याचं प्रमाण सर्वसामान्य माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळतं. ठेवण आणि फुगा यांच्यातला हा सगळ्यांत भक्कम दुवा आहे.

कॅथेटर लॅबमध्ये, म्हणजे धमनीत बारीक नळी घालून एक्स-रेवर तपासतात तिथे, तो डोळ्यांनी दिसतो. अशा रुग्णाच्या उजव्या कॅरोटिडमध्ये डाय सोडला की पडद्यावर क्षणात दोन्ही बाजूंच्या पुढच्या धमन्या भरतात, आणि ए-कॉमच्या कोपऱ्यावर, उजव्या ए-वनच्या थेट समोर, तो छोटा फुगा भरून घेतो. मग कॅथेटर डावीकडे नेऊन तिथे डाय सोडला तर पुढच्या धमन्या धड भरतच नाहीत. फुग्याचं तोंड प्रवाह येतो त्याच दिशेला असतं.

बाकीच्या ठेवणींबद्दल थोडक्यात. फीटल पीसीए आणि मागच्या जोडधमनीवरचा, म्हणजे पी-कॉमचा फुगा यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. ए-वनइतका तो पक्का नाही. दोन्ही पुढच्या धमन्या मिळून एकच झालेली असेल तर ती जिथे पुढे दोन फाट्यांत विभागते तिथे फुगा आढळू शकतो, पण ही ठेवण मुळातच क्वचित. बॅसिलरच्या सुरुवातीला धमनी मध्येच दुभंगून पुन्हा जुळलेली असेल तर त्या खिडकीच्या कडेला फुगा दिसतो. तुमच्या आईंना यातलं काही नाही.

आता नेटवर सहसा सांगितलं जात नाही ते. 'ए-कॉमच्या फुगेवाल्यांत ए-वन बारीक असते' याचा अर्थ 'ए-वन बारीक असणाऱ्यांना फुगा होतो' असा होत नाही. हजार प्रौढ माणसं घ्या. मेंदूत न फुटलेला फुगा साधारण तीन टक्क्यांत असतो, म्हणजे तिसेक जण. त्यातले दहा ए-कॉमवरचे धरू, आणि त्या दहांतल्या पाचांची ए-वन बारीक आहे असं धरू. पण त्याच हजारांत ए-वन बारीक असलेले एकूण शंभर आहेत. म्हणजे शंभरातल्या पाचांना ए-कॉमवर फुगा, पंच्याण्णवांना नाही. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण चित्र असंच आहे. आणि असे छोटे फुगे बहुतेक जण आयुष्यभर बाळगतात. ते फुटत नाहीत. शिवाय तुमच्या आईंच्या तपासणीत फुगा दिसलेलाच नाही.

उलट बाजूही बघा. ज्यांना फुगा होतो त्यातल्या अनेकांचं कडं अगदी पुस्तकी असतं. ठेवण भार कुठे पडणार ते ठरवते. भिंत तो सोसेल का हे बीपी, विडी-सिगारेट, वय, घराण्याचा इतिहास आणि बाईपण ठरवतं. बायकांत, विशेषतः पन्नाशीनंतर, फुग्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. फुटण्याचा धोका मोजण्यासाठी आम्ही 'फेझेस' नावाची गुणपद्धत वापरतो, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात लोकसमूह, बीपी, वय, आकार, आधीचा रक्तस्राव आणि फुग्याची जागा या सहा गोष्टी आहेत. कड्याच्या ठेवणीला तिच्यात गुण नाहीत. समजा एखाद्या साठीच्या, बीपी असलेल्या बाईंना ए-कॉमवर चार मिलिमीटरचा फुगा सापडला. जागेचे चार गुण, बीपीचा एक, एकूण पाच. पुढच्या पाच वर्षांत फुटण्याची शक्यता साधारण १.३ टक्के. हे आकडे उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या रुग्णांवरून काढलेले आहेत, म्हणून मी त्यांना दिशादर्शक मानतो, अंतिम नाही. फुग्याचा आकार वेडावाकडा असेल, त्यावर छोटा उंचवटा असेल किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा तो वाढला असेल तर गुण कमी असूनही मी उपचाराकडे झुकतो.

तुम्ही नक्की काय करायचं ते आता सांगतो.

रिपोर्टचा व्हॉट्सॲप फोटो नको, सीडी घेऊन जा. मेंदूच्या रक्तवाहिन्या बघणाऱ्या न्यूरोसर्जनला किंवा न्यूरोरेडिऑलॉजिस्टला फिल्मवरचं गोल फिरवलेलं चित्र पुरत नाही, मूळ पातळ काप बघावे लागतात. एमआर अँजिओग्राफी वाहतं रक्त टिपते. बारीक धमनीत प्रवाह मंद असला तर ती प्रत्यक्षात असूनही दिसत नाही. जिथे रक्त भोवऱ्यासारखं फिरतं तिथे चित्र पुसट होतं. म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत दोनच ठिकाणं नीट, फुरसतीने बघायला सांगा: ए-कॉम, आणि उजवी पी-कॉम कॅरोटिडमधून निघते तो कोपरा. त्या दुसऱ्या ठिकाणी कधी कधी तीन मिलिमीटरपर्यंतची, नरसाळ्याच्या आकाराची रुंदी असते आणि तिच्या टोकातूनच धमनी निघते. ती फुगा नव्हे, पण घाईत वाचलेल्या रिपोर्टात ती फुगा म्हणून उतरते आणि घर हवालदिल होतं.

दोन्ही ठिकाणं स्वच्छ दिसत असतील तर विषय तिथेच थांबवा. दरवर्षी एमआरआय काढायची गरज नाही. आई हलल्यामुळे किंवा मशीनच्या मर्यादेमुळे ए-कॉम पुसट आला असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून एकदा सीटी अँजिओग्राफी करून घ्या. मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून करायची अँजिओग्राफी या टप्प्यावर नको. तिचा थोडा का होईना धोका असतो, आणि फक्त ठेवण वेगळी आहे म्हणून तो पत्करण्यात अर्थ नाही.

मी आणखी एक गोष्ट करायला सांगेन, जी रिपोर्टात कुणी लिहिलेली नाही: मानेतल्या कॅरोटिडची डॉपलर सोनोग्राफी. ५८ वर्षं, बीपी, आणि उजव्या कॅरोटिडवर एवढं क्षेत्र अवलंबून. तिथे चरबीचा थर साठून ती अरुंद झाली तर इतरांपेक्षा यांचं नुकसान जास्त होईल. साखर आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या. माझ्या मते या ठेवणीतून आईंसाठी निघणारा सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष फुग्याबद्दलचा नाहीच, तो हा आहे.

बीपी घरी मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसल्यावर, आणि वहीत लिहा. १३०/८० च्या खाली राहायला हवा. लोणचं, पापड, सुकट, सुके बोंबील यातलं मीठ मोजायला लागलं की अनेकांचा बीपी गोळी न वाढवता उतरतो. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यात सगळं आलं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद. फुगा होणं आणि फुटणं या दोन्हींशी धूम्रपानाचा संबंध पक्का आहे. मशेरीवर इतका थेट पुरावा नाही, पण निकोटिन बीपी आणि नाडी वाढवतंच. आई लावत असतील तर तीही सोडवा.

पुढे कधी खरंच फुगा सापडला तर ही ठेवण कामाची ठरते. फुग्याच्या तोंडाशी चिमटा, म्हणजे क्लिप, लावायची शस्त्रक्रिया असेल तर ए-कॉमच्या फुग्याकडे आम्ही सहसा मोठ्या ए-वनच्या बाजूने जातो, कारण फुगा मध्येच फुटला तर रक्त थांबवायला ती धमनी आधी हातात लागते. फुगा आतून भरणाऱ्या बारीक तारा, म्हणजे कॉइल, घालायचे तरी कॅथेटर त्याच बाजूने चढतो. ए-कॉमच्या मागून केसासारख्या धमन्या निघतात, स्मरणशक्तीच्या भागाला रक्त देणाऱ्या. मायक्रोस्कोपखाली क्लिपचं पातं बंद करण्याआधी त्या एकेक बाजूला झाल्या आहेत का हे बघण्यात शस्त्रक्रियेचा सगळ्यांत कठीण वेळ जातो. आणि फीटल पीसीए असताना पी-कॉमवरचा फुगा बंद करताना ती धमनी बंद पडून चालत नाही. मागच्या भागाचा रक्तपुरवठा जाऊन अर्धी दृष्टी जाऊ शकते. फ्लो डायव्हर्टर नावाची जाळीची नळीही अशा ठिकाणी कमी यश देते, कारण मोठी धमनी रक्त ओढत राहते आणि फुगा भरलेलाच राहतो. म्हणून ही सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा.

एक लक्षण मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. काही सेकंदांत शिगेला पोचणारी, आधी कधीच न झालेली डोकेदुखी. सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, किंवा अचानक एक पापणी खाली पडून त्या डोळ्याची बाहुली मोठी होणं. असं झालं तर पित्त समजून गोळी देऊन झोपवू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन व न्यूरोसर्जन दोन्ही एकाच ठिकाणी असलेल्या रुग्णालयात थेट न्या. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर किंवा घोडबंदरला अडकून एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात जाणारा वेळ फार महाग पडतो, म्हणून जवळचं असं रुग्णालय कोणतं हे आजच माहीत करून ठेवा. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटीमध्ये असा रक्तस्राव जवळजवळ नेहमी दिसतो. नंतर चित्र धूसर होत जातं आणि पाठीतून पाणी काढून तपासावं लागू शकतं. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो.

राहिला तुमचा आणि बहिणीचा प्रश्न. आईची ठेवण वेगळी आहे एवढ्यावरून तुम्हा दोघांची तपासणी करायची गरज नाही. पहिल्या नात्यातल्या, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोन किंवा अधिक जणांना मेंदूत फुगा किंवा त्यातून रक्तस्राव झाला असेल, किंवा तुमच्यापैकी कुणाला दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होणारा आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असेल, तर तपासणी जरूर करा, आणि एकदा नॉर्मल आली तरी काही वर्षांनी पुन्हा करा. आजोळी कुणी 'ब्रेन हॅमरेज'ने अचानक गेलं होतं का हे आईंना आणि मामांना एकदा नीट विचारा. वय काय होतं, बीपी होता का, आधी डोकं दुखलं होतं का, हेही. जे कळेल ते सीडीसोबत डॉक्टरांना सांगा.